श्वास आणि ताईत : शेख महंमदांच्या गाण्यातील गूढ

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात वाहिरा नावाचे गाव आहे. सतराव्या शतकातील मुसलमान मराठी कवींमध्ये ज्यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते, ते शेख महंमद या गावचे. त्यांच्या घराण्याचा संबंध धारूरशीही सांगितला जातो, म्हणजे तोही बीड जिल्ह्याशीच. पुढे त्यांचे आयुष्य श्रीगोंद्यात गेले. त्या काळी या गावाला चांभारगोंदे म्हणत; आज ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे. तिथेच त्यांची समाधी असल्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ते 'श्रीगोंदेकर' म्हणून नोंदले गेले. आम्ही बीडकर मात्र त्यांना आपले मानतो. अर्थात मानतो म्हणजे भाषणात त्यांचे नाव घेतो. त्यांना वाचत नाही, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

आम्ही स्वतः शेख महंमदांना प्रथम ऐकले, वाचले फार उशिरा. शेजारच्या गल्लीतल्या भजनी मंडळात टाळमृदंगावर एक अभंग चालला होता आणि शेवटच्या चरणात 'शेख महंमद' ही नाममुद्रा आली. आम्ही दचकलो. आपल्या बिरादरीतला माणूस या देवळात काय करतो, असे त्या वयात वाटले. त्या वेळी आमच्या गळ्यात दादीने बांधलेला ताईत होता आणि दंडावर काळ्या दोऱ्याचा गंडा होता. ताप उतरत नाही म्हणून ते आमिलाकडून करून आणलेले होते. आज मागे वळून पाहताना वाटते, की त्या संध्याकाळी गळ्यातला ताईत आणि कानावर पडलेला अभंग या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या होत्या. ते समजायला आम्हाला तीस वर्षे लागली.

शेख महंमदांच्या काव्यात धर्म आहे, हे सगळेच सांगतात. पण त्यात गूढही पुष्कळ आहे. नाड्या, चक्रे, श्वासाची गती, अनाहत नाद, गुरूने दिलेली खूण हे सारे येते, आणि दुसऱ्या बाजूला भुतेखेते, क्षुद्र दैवते, बोकडांचे बळी, भोंदू गुरू हेही येते. या गूढाचे काय करायचे, हे आमच्या टीकेला आजवर नीट ठरवता आलेले नाही. समन्वयाच्या अभ्यासकांना त्यात हिंदू-मुस्लिम ऐक्याचा दाखला दिसतो. आमच्यातल्या शुद्धतावाद्यांना त्यात बिदअत दिसते. विवेकवादी मित्र त्यातला अंधश्रद्धेवरचा हल्ला तेवढा उचलतात आणि चक्रे-नाड्यांचा भाग बाजूला ठेवतात. तिन्ही वाचने अर्धी आहेत, असे आम्हाला वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : शेख महंमदांच्या काव्यात गूढ दोन प्रकारचे आहे आणि कवीने त्या दोहोंमध्ये जाणीवपूर्वक भेद केला आहे. एक गूढ माणसाच्या देहात आणि श्वासात आहे. त्याला ते साधना मानतात. दुसरे गूढ बाजारात मिळते, पैसे देऊन किंवा बोकड कापून. त्याला ते धर्म मानायला तयार नाहीत. हा भेद त्यांनी कुठून आणला आणि तो शेवटपर्यंत टिकवला का, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

गुरूंची वाट

शेख महंमदांच्या वडिलांचे नाव राजे महंमद आणि आईचे फुलाई. त्यांचे गुरू चांद बोधले. हे चांद बोधले म्हणजे दौलताबादचे कादरी परंपरेतील सूफी, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांच्याशीही त्यांचे नाव जोडले जाते. म्हणजे एका बाजूला पैठणचे एकनाथ आणि दुसऱ्या बाजूला वाहिऱ्याचे शेख महंमद, असे दोन प्रवाह दौलताबादच्या एकाच डोंगरापाशी येऊन मिळतात. शेख महंमदांची परंपरा मागे नेत नेत ग्वाल्हेरच्या महंमद गौस यांच्यापर्यंत सांगितली जाते. आमच्या विषयाच्या दृष्टीने हे नाव फार महत्त्वाचे आहे.

महंमद गौस १५६३ साली वारले. ग्वाल्हेरला त्यांचा भव्य मकबरा आहे आणि त्याच आवारात तानसेनाची कबर आहे. गौस यांच्या नावावर दोन प्रसिद्ध ग्रंथ आहेत. 'बहरुल हयात' हा योगावरचा फारसी ग्रंथ. 'अमृतकुंड' या भारतीय योगग्रंथाच्या अरबी रूपावरून तो तयार झाला आणि त्यात आसने, श्वास व ध्यान यांची चर्चा आहे. दुसरा 'जवाहिरे-खम्सा'. त्यात ईश्वरी नामांचे आवाहन, त्यांचे आकडे, वेळा आणि ग्रहांशी असलेले संबंध यांचा मोठा भाग आहे. दक्षिणेतले आमिल, ताईत लिहिणारे, जिन्न उतरवणारे ज्या विद्येचा हवाला देतात, तिच्यात या दुसऱ्या ग्रंथाला मानाचे स्थान आहे. दखनी मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेला 'कानूने-इस्लाम' १८३२ मध्ये लंडनला इंग्रजीत छापला गेला. त्यात ही दावत, हे गंडे-फलीते, हे भूत उतरवणे यांची तपशीलवार वर्णने आहेत. गौस यांच्यानंतर पावणेतीनशे वर्षांनीही ती विद्या दखनेत घरोघरी चालू होती.

एकाच पुरुषाच्या हातून आलेल्या या दोन वाटा. एक श्वासाची आणि एक ताईताची. शेख महंमदांनी त्यातली पहिली उचलली. त्यांच्या काव्यात योग आहे, प्राण आहे, ध्यान आहे. आकड्यांचे कोष्टक भरून देणारा आमिल त्यांच्यात दिसत नाही. आम्ही याला योगायोग मानत नाही. मराठी मुलखात बसून, कुणब्या-सैनिकांसमोर गाणाऱ्या माणसाने केलेली ती निवड आहे.

आतली लढाई

शेख महंमदांचा मुख्य ग्रंथ 'योगसंग्राम' शके १५६७ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४५ मध्ये पूर्ण झाला. त्याचे अठरा प्रसंग आहेत. वा. सी. बेंद्रे यांनी १९५९ मध्ये तो संपादित करून प्रसिद्ध केला आणि १९६१ मध्ये कवितासंग्रह काढला, म्हणून तो आज आपल्या हाती आहे. रा. चिं. ढेरे यांच्या 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकाने पुढे या कवींकडे लक्ष वेधले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. आमच्या कवीचे बाड सांभाळण्याचे काम आमच्या समाजाने केले नाही, दुसऱ्यांनी केले.

ग्रंथाचे नावच पाहावे. योग आणि संग्राम. लढाई आहे ती माणसाच्या आत, कामक्रोधादी विकारांशी आणि अहंकाराशी. मराठी समीक्षकांनी याचे नाते गीतेच्या अठरा अध्यायांशी लावले, ते ठीकच आहे. पण आमच्या परंपरेत 'नफ्सशी जिहाद' ही कल्पना आहे आणि सूफींनी तिलाच मोठी लढाई म्हटले आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. शेख महंमदांचा श्रोता कोण होता? शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी त्यांना गुरू मानले आणि श्रीगोंद्यात त्यांची व्यवस्था लावून दिली, अशी परंपरा आहे. म्हणजे निजामशाहीत चाकरी करणारा, घोड्यावर बसणारा, तलवार कमरेला असणारा माणूस समोर बसलेला आहे. त्याला योग सांगायचा तर लढाईच्या भाषेत सांगावा लागणार. या ग्रंथातले गूढ अशा रीतीने रोजच्या जगण्याच्या भाषेत उतरलेले आहे. ते कळायला मंत्र लागत नाही.

दुसरी गोष्ट नावांची. शेख महंमद स्वतःला 'अविंध' म्हणवून घेतात. हा शब्द मुसलमानांसाठी इतरांनी वापरलेला, काहीसा हिणवणारा. तो त्यांनी उचलून नाममुद्रेसारखा मिरवला. आपण अविंध आहोत हे न लपवता ते मराठी संतांच्या पंगतीत बसतात. निर्गुण, निरंजन हे शब्द ते वापरतात तेव्हा त्यात आम्हाला तौहीदचा अर्थ स्पष्ट ऐकू येतो. कुणाला त्यात अद्वैत ऐकू आले तर त्याच्याशी आमचे भांडण नाही. मात्र 'मुसलमान असूनही संत' हे जे वाक्य प्रस्तावनांमधून वारंवार येते, त्यातल्या 'असूनही' या शब्दाला आमची हरकत आहे. शेख महंमदांचा सगळा युक्तिवाद मुसलमान असण्यातूनच येतो. एक अल्ला मानणाऱ्याला गावाच्या वेशीवरची पन्नास दैवते मानता येत नाहीत, आणि पन्नास पीरही मानता येत नाहीत. इथेच दुसऱ्या प्रकारच्या गूढाचा प्रश्न येतो.

वेशीवरची दैवते

मराठवाड्यातले गाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे जग नवे नाही. कुणाच्या अंगात वारे येते, कुणावर करणी झालेली असते, कुणाच्या घरावर भानामती होऊन कपडे पेटतात. देवऋषी उतारा सांगतो, भगत अंगारा देतो, आमिल फलीता जाळून धूर देतो. मुहर्रमच्या सवारीत कुणाच्या अंगात येते तेव्हा पाया पडायला हिंदू-मुसलमान दोघेही असतात. 'समन्वय' म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्यातला बराचसा भाग हा भीतीचा समन्वय आहे, हे आम्ही जरा दुःखाने म्हणतो.

शेख महंमदांनी क्षुद्र दैवतांची भक्ती, त्यांच्यापुढे होणारी जीवहत्या आणि ढोंगी गुरूंचा बाजार यांवर कठोर टीका केली. 'निष्कलंक प्रबोधा'त तर ढोंगाची झडती घेणे हेच त्यांचे मुख्य काम आहे. या टीकेचा स्वर आजच्या विवेकवादी लेखनासारखा नाही, हे मात्र विसरू नये. भुते नाहीतच, असे सिद्ध करण्यात त्यांना रस नाही. त्यांचा आक्षेप असा, की ज्याने जगाच्या धन्याचा दरवाजा पाहिला तो चाकरांच्या ओसरीवर का लोळतो? त्यांच्या दृष्टीने प्रश्न निष्ठेचा आहे. भीती ही त्यांच्या लेखी इबादत होऊ शकत नाही.

इथे एकनाथांशी तुलना करण्याचा मोह होतो. एकनाथांनी भारुडात भूत, जोगवा, गोंधळ अशी सारी लोकाचारी रूपे घेतली आणि त्यांचा अर्थ विठ्ठलभक्तीकडे वळवला. त्यांच्या भारुडात पंढरीचेच भूत माणसाला झपाटते. एकनाथांची रीत गोड आहे. ते भुताला हाकलत नाहीत, त्याला वारकरी करतात. शेख महंमदांनीही रूपके आणि भारुडे रचली, पण त्यांचा हात जड आहे. दोघांच्या परंपरा दौलताबादला जवळ येतात, तरी स्वभाव वेगळे. आम्हाला वाटते, की हा फरक केवळ स्वभावाचा नाही. एकनाथ गावाच्या मधोमध उभे राहून बोलत होते. अविंधाला गावाशी सलगी करण्याची तेवढी मोकळीक नव्हती आणि त्याच्या तौहीदलाही ती परवडणारी नव्हती. त्यामुळे शेख महंमदांच्या काव्यात विनोद कमी आणि इशारा जास्त आहे. गाण्याच्या दृष्टीने हे उणे म्हणावे लागेल. एकनाथांची भारुडे आजही रंगमंचावर टाळ्या घेतात. शेख महंमदांची रचना भजनात येते, पण तिच्यावर कुणी नाचत नाही.

कवीची अडचण

आता आमच्या म्हणण्याला जो सर्वांत मोठा आक्षेप घेता येईल, तो आम्हीच मांडतो. श्वासाचे गूढ शुद्ध आणि ताईताचे गूढ अशुद्ध, असा हा भेद शेख महंमदांना शेवटपर्यंत टिकवता आला का? त्यांचाच 'पवनविजय' हा ग्रंथ समोर ठेवला तर उत्तर सोपे राहत नाही.

'पवनविजय' हा स्वरोदयाच्या परंपरेतला ग्रंथ. स्वरोदय म्हणजे डाव्या नाकपुडीने श्वास चालतो की उजव्या, चंद्रनाडी की सूर्यनाडी, यावरून शुभाशुभ जाणण्याची विद्या. प्रवासाला केव्हा निघावे, लढाईला कोणत्या स्वरात पाऊल टाकावे, विचारणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी की नकारार्थी, मरण जवळ आले का, असे सारे या विद्येत येते. हा शिव आणि पार्वती यांच्या संवादाचा विषय. मुसलमान विद्वानांना त्याचे आकर्षण शेख महंमदांच्याही आधीपासून होते. फारसीत त्याची भाषांतरे झाली होती. सूफींच्या 'पासे-अनफास'शी, म्हणजे एकेक श्वास स्मरणाने राखण्याच्या साधनेशी, त्याचे दुरून नाते लागते.

पण दुरूनच. श्वास राखणे वेगळे आणि श्वासावरून शकुन पाहणे वेगळे. पहिल्यात माणूस स्वतःवर लक्ष ठेवतो. दुसऱ्यात तो उद्यावर नजर टाकू पाहतो, आणि उद्याची भीती हाच तर आमिलाचा आणि देवऋषीचा धंदा. 'पवनविजया'त शेख महंमदांनी समोरच्या दारातून हाकललेली वस्तू मागच्या दारातून आत येऊ दिली, असे म्हणावे लागते. आमचा कवी मोठा आहे म्हणून आम्ही हे झाकणार नाही. मात्र एक लक्षात घ्यावे. या विद्येत मधला माणूस नाही. ज्याचा त्याचा श्वास ज्याच्या त्याच्याजवळ. त्यासाठी बोकड लागत नाही, सव्वा रुपया लागत नाही. गूढ मानायचेच असेल तर निदान ते गरिबाच्या खिशात हात घालणारे नसावे, एवढी मर्यादा त्यांनी इथेही पाळलेली दिसते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अंगात येणे, झपाटले जाणे हे दुःख बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येते. सासरी बोलता न येणारी गोष्ट ती वाऱ्याच्या तोंडून बोलते. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या कार्यकर्त्यांनी मराठवाड्यात भानामतीच्या विरोधात काम केले तेव्हा त्यांनाही हेच दिसले, की चमत्कार उघडा पाडणे सोपे, बाईचे दुःख उघडे करणे कठीण. शेख महंमदांच्या काव्यात या बाईला जागा नाही. क्षुद्र दैवतांना भजणारा दिसतो, पण तो का भजतो, कुणाच्या घरात पोर आजारी आहे, याची विचारपूस नाही. आमची दादी आमिलाकडे गेली ती तिला तौहीद ठाऊक नव्हती म्हणून नाही. डॉक्टर बारा कोसांवर होता आणि घरात पैसे नव्हते. संतांच्या टीकेत हा कोन बहुतेक निसटतो. शेख महंमदांच्याही निसटला.

चमत्काराची परतफेड

या कवीच्या नशिबी एक विचित्र गोष्ट आली. ज्याने बाजारातले चमत्कार नाकारले, त्यालाच लोकांनी चमत्कारी केले. वारकरी मंडळींत एक आख्यायिका सांगतात. तुकोबांच्या कीर्तनात मांडवाला आग लागली आणि दूर श्रीगोंद्यात बसलेल्या शेख महंमदांनी तळहात चोळून ती विझवली. कुणी त्यांना कबीराचा अवतार म्हटले. आख्यायिकेमागची माया आम्हाला कळते. तुकोबांचा मांडव मुसलमानाच्या हाताने वाचला, हे गावोगाव सांगावेसे वाटणे ही छोटी गोष्ट नाही. पण अशा गोष्टींनी गाणे मागे पडते आणि हात पुढे येतो. लोक समाधीवर नारळ, चादर आणतात, मागणे मागतात. मालोजींच्या घरातही अहमदनगरच्या शाह शरीफांच्या आशीर्वादावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे ज्यांनी शेख महंमदांना गुरू मानले त्यांच्याच घरात पीराची मन्नतही होती. गुरूचे गाणे ऐकावे आणि संकटात पीराकडे धावावे, ही दखनेची जुनी रीत आहे.

आज ही रीत आणखी वेगळ्या वळणावर आली आहे. २०२५ साली श्रीगोंद्यात या स्थळाला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावरून आंदोलन झाले. नोंद कोणत्या नावाने, ट्रस्ट कुणाचा, जमीन कुणाची, हे प्रश्न कायद्याचे आहेत आणि ते कायद्याने सुटतील. त्यात आम्ही पडत नाही. पण त्या सगळ्या गदारोळात 'योगसंग्राम' कुणी उघडला होता का, एवढेच विचारावेसे वाटते. दोन्ही बाजूंना समाधी हवी आहे. ग्रंथाला वारस नाही.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी, २० ऑगस्टला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्या कायद्याच्या वादात धर्म बुडाला, संस्कृती बुडाली असा ओरडा झाला. आमच्यातल्याही काहींनी ताईतवाल्यांची बाजू घेतली. तेव्हा शेख महंमदांचे नाव कुणी घेतले असते तर बरे झाले असते. ईश्वर मानणारा, योग मानणारा, गुरू मानणारा माणूस आमिलाला आणि भगताला नकार देऊ शकतो, याची साक्ष आमच्याच जिल्ह्यातल्या एका अविंधाने १६४५ मध्ये देऊन ठेवली होती. कायद्याला धर्माचा शत्रू समजणाऱ्यांनी ती एकदा वाचायला हवी होती.

आम्ही विद्यापीठातले संशोधक नाही. आमचे म्हणणे एवढेच, की शेख महंमदांना समन्वयाच्या चौकटीत बसवून हार घालण्यापेक्षा त्यांच्याशी भांडावे, त्यांच्या 'पवनविजया'ला प्रश्न विचारावेत, त्यांच्या काव्यातली बाई कुठे आहे हे विचारावे. असे भांडण फक्त जिवंत कवीशी होते. आमच्या गळ्यातला ताईत केव्हाच तुटून पडला. त्याच्या आत काय लिहिले होते हे आम्ही कधी उघडून पाहिले नाही. दादी म्हणायची, उघडलास तर असर जातो. शेख महंमदांचे पुस्तक मात्र उघडल्याशिवाय असर करीत नाही. आष्टी आणि बीडच्या शाळांमध्ये, उर्दू माध्यमाच्या असोत की मराठी, ते कुणीतरी उघडावे, ही आमची विनंती आहे.